पडद्याचं अस्तर

गल्लीत कुणाला पडसं झालं तर पहिली शिंक आत्याला येते, असं लोक म्हणायचे. आत्याचं शिवणकामाचं दुकान गल्लीच्या ऐन वळणावर होतं आणि मशीन तिनं खिडकीशी अशा बेतानं मांडलं होतं की उजव्या डोळ्याला टीप दिसावी आणि डाव्याला जग. तशी ती एकाच मुलाची आत्या. भावाचा मुलगा लहानपणीच तिच्याकडे राहायला आला आणि तिच्या चिंध्यांच्या टोपलीत बसून मोठा झाला. तो दिवसभर "आत्या, आत्या" करायचा, ते ऐकून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायला लागली. पाठीमागे मात्र तिचं नाव भोंगा होतं. हे तिला माहीत होतं. तिला सगळंच माहीत असायचं.

तिच्या पोटात दोन माणसांचं जेवण आरामात राहायचं, गोष्ट तेवढी राहायची नाही. सकाळी कानावर आलेली बातमी दुपारपर्यंत टिकली तर तिला घशाशी यायचं. तिचा नवरा शेजारी बसून काजं-बटणं करायचा आणि त्याला गल्लीत मौनीबाबा म्हणत. घरातला बोलण्याचा वाटा बायकोनंच संपवला होता, तर तो बिचारा बोलणार कुठून?

अशा या बाईच्या खिडकीसमोर तपासणी केंद्र उघडलं, यात दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

समोरची खोली आधी भाड्याच्या सायकलींची होती. ती रंगवून घेतली, पाटी लागली. एचआयव्हीची तपासणी, मोफत, नाव-गाव गुप्त. दाराशी एका खोक्यात कंडोमची पाकिटं ठेवली होती, ज्याला हवी त्यानं उचलावी, कुणाला विचारायचंही काम नाही. तपासणारी बाई ठेंगणी, हसरी, चष्मा कायम दोरीनं गळ्यात. बोटाला टोचून दोन थेंब रक्त घ्यायची, समोर बसवून नीट समजावून सांगायची. आत्यानं पहिल्याच दिवशी तिचं बारसं केलं. "आजवर या गल्लीत सुई चालवणारी मी एकटी होते. आता ही दुसरी सुईबाई."

सुईबाई नवीन होती, भोळी होती. तिनं खिडकीच्या पडद्याचं काम आत्यालाच दिलं.

"जाड कापड घ्या, आणि आतून अस्तर लावा," ती म्हणाली. "आरपार काही दिसता कामा नये."

"दिसायचं कसं?" आत्या म्हणाली. "माझं काम आहे ते."

मग तिनं पातळसं हिरवं कापड काढलं, चापूनचोपून चुण्या घातल्या, आणि अस्तर लावायचं सोयीस्कर विसरली. मौनीबाबानं सुईत दोरा ओवता ओवता एकदा तिच्याकडे पाहिलं. "बघतोयस काय?" आत्या म्हणाली. "माणूस आधीच घाबरलेला असतो, त्यात खोलीत अंधार केला तर गुदमरेल ना तो." आतला दिवा लागला की पडद्यावर सगळं झकास उमटायचं. खुर्ची, माणूस, पुढे केलेला हात, वाकलेली सुईबाई. नाक कुणाचं लांब आणि पोट कुणाचं पुढे, तेही कळायचं.

आता रिकामं बघत बसणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. तिनं लवकरच एक हिशेब बसवला. माणूस आत जातो, बसतो, टोचून घेतो, थांबतो, दोन शब्द ऐकतो आणि उठतो. तेवढ्यात तिची शर्टाची एक बाही लावून होते. म्हणजे बाहीवर सुटला तो ठीक. जो त्याच्यापुढे रेंगाळला, त्याचा कोट झाला. कोट म्हणजे काय ते तिनं कुणाला फोड करून सांगितलं नाही. नुसत्या भुवया वर केल्या. पण गल्ली काही दुधखुळी नव्हती. चार दिवसांत लोक एकमेकांना विचारायला लागले, "काय रे, त्याचं काय? बाही की कोट?"

पहिला कोट झाला तो बेकरीवाल्याचा. तो आत गेला, बसला, हात पुढे केला, आणि पडद्यावरून एकदम नाहीसाच झाला. बराच वेळ नुसती सुईबाई इकडून तिकडे पळताना दिसली. "मी काही म्हणत नाही बाई," आत्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "पण तो खाली कोसळला एवढं खरं." झालं! कापूस पेटायला वेळ लागेल, पण ही बातमी पेटायला लागला नाही. लोक पलीकडच्या गल्लीतून पाव आणायला लागले. शेवटी त्या बापड्यानं दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना ओरडून सांगितलं की, त्याला काहीही झालेलं नाही, सुई बघून चक्कर आली होती, आणि हो, तो भित्रा आहे, आता तरी पाव घ्या! लोक हसले, पाव परत खपायला लागले. पण तपासणीच्या खोलीकडे फिरकायचं मात्र सगळ्यांनी बंद केलं. कोण कशाला आ बैल मला मार म्हणेल? जाणाऱ्या-येणाऱ्यानं त्या दारावरून जाताना खाकरून दुसरीकडे बघायचं, असा शिरस्ताच पडला. सुईबाई दारात खुर्ची टाकून वाट बघत बसायची. वरून विचारणा आली होती की कुणी येत नसेल तर खोली बंद करून दुसरीकडे हलवू.

आत्याला यात आपला काही हात आहे असं वाटलं नाही. भोंग्याला स्वतःचा आवाज कुठे ऐकू येतो?

आणि मग एके दुपारी, गल्ली पेंगत असताना, तिचा भाचा त्या दारातून आत गेला.

भाचा लिफ्ट दुरुस्त करायचा. अंगावर कामाचे कपडे, कमरेला पाने-पकडींचा पट्टा. त्याचं लग्न ठरलं होतं, दिवस तोंडावर आला होता. मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला, बोलायला गोड, घर दोन गल्ल्या सोडून. आत्यानं लग्नाचा कोट स्वतः शिवायला घेतला होता, त्याच्यासाठी काळंभोर तुळतुळीत अस्तर मोठ्या बाजारातून आणलं होतं. आणि तो चिरंजीव गंभीर चेहऱ्यानं पाटीखालून आत शिरला होता.

आत्याच्या हातात बाही होती. ती लावून झाली. पडद्यावर तो बसलेलाच. दुसरी बाही लावून झाली. तो बसलेलाच. कॉलर झाली. सुईबाई काहीतरी सांगतेय, तो मान हलवतोय, परत काहीतरी विचारतोय. कोट झाला. कोटाचे खिसे झाले. आत्यानं खाली पाहिलं तर तिनं कॉलर शर्टाच्या मनगटाला जोडून ठेवली होती.

भाचा बाहेर आला, खोक्यातून मूठभर पाकिटं उचलून खिशात कोंबली आणि खिडकीकडे पाहिलं. आत्या झटकन मशीनखाली गेली. बॉबिन शोधायला, असं तिनं मौनीबाबाला सांगितलं.

तिनं हळूच डोकं वर काढलं. आपल्याच बाजूला, वळणापुढे, न्हावी गिऱ्हाइकाला साबण लावत होता. त्यानं पाहिलं असेल का? त्याच्या शेजारी घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. तो डोकं वर काढायचा नाही, पण नेमका आज काढला असेल तर? सगळ्या गल्लीला बाही आणि कोट मोजायला तिनंच शिकवलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"त्याला विचार," मौनीबाबा म्हणाला.

तो बोलला म्हणजे प्रसंग खरंच गंभीर होता.

"काय विचारू?" आत्या म्हणाली. "आणि हो म्हणाला तर?"

त्या दिवशी दोन माणसांचं जेवणारी आत्या अर्ध्या भाकरीवर उठली. पोरगं आजारी असेल तर ती उशाशी बसेल, कामं सोडेल, जग इकडचं तिकडे करेल, त्याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तिला धडकी भरली होती ती दुसऱ्याच गोष्टीची. कुणीतरी दोन गल्ल्या पलीकडे जाऊन भुवया वर करेल. मुलीकडचे सोयरीक मोडतील. पोरगं मान खाली घालून पलीकडच्या रस्त्यानं जायला लागेल. रोगाची जेवढी भीती वाटतेय त्याच्या दुप्पट भोंग्याची वाटतेय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि हा भोंगा गल्लीत कोण आहे तेही.

पण आत्या रडत बसणारी नव्हती. सकाळपर्यंत तिचं डोकं चालायला लागलं. मोकळ्या माळावर एक शेळी लांबूनही दिसते. कळपात घुसली की तिला कोण मोजतो? तेव्हा कळप गोळा करायचा.

पहिला नंबर मौनीबाबाचा. त्याला ती नुसतं "जा" म्हणाली. तो गेला, बाहीवर सुटला आणि दोन्ही खिसे भरून पाकिटं घेऊन आला.

"ही कशाला रे एवढी?"

"फुकट होती."

आत्यानं ती बटणांच्या डब्यात टाकली.

मग तिनं न्हाव्याला गाठलं. "अरे, ती सुईबाई काय म्हणतेय ऐकलंस का? म्हणे या गल्लीत सुईला न घाबरणारा पुरुषच नाही. मी म्हटलं, आमचा न्हावी आहे की! तर म्हणाली, दुसऱ्याचं रक्त काढणं वेगळं आणि स्वतःचं देणं वेगळं." न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला आणि तडक निघाला. त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण घेऊन मागोमाग गेलं, त्याला वाटलं आत काही भांडण बघायला मिळेल. दोघंही टोचून घेऊन आले.

वरच्या मजल्यावर दोन जावा राहायच्या. मोठीनं नवा पडदा लावला की धाकटी दोन लावायची. आत्यानं मोठीला सांगितलं, धाकटी जाऊन आली. धाकटीला सांगितलं, मोठी जाऊन आली. दोघी दारातच एकमेकींना धडकल्या आणि मग कुणी आधी बसायचं यावरून आतही वाजलं. त्यांनी आपापल्या नवऱ्यांना पाठवलं ते वेगळंच.

राहता राहिला घड्याळवाला. त्याचं जरा अवघड होतं. तो विधुर, साठीला आलेला, पण ताठ. भांग पाडलेला, बुटांना पॉलिश, आणि मिशी काळी कुळकुळीत. ती मिशी दर रविवारी दुकानाचं दार लावून रंगवली जाते, ही बातमी गल्लीला कुणी दिली असेल ते सांगायला नको. तेव्हापासून त्यानं आत्याशी बोलणं टाकलं होतं. पँटची घडी उलगडायची झाली तरी तो तीन गल्ल्या ओलांडून जायचा. तेव्हा त्याच्याशी बोलणं शक्य नव्हतं. पण त्याला ऐकू जाईल असं बोलणं आत्याच्या हातचा मळ होता.

ती बरोब्बर त्याच्या दुकानासमोर उभी राहिली आणि न्हाव्याला म्हणाली, "मी सुईबाईला विचारलं हो, घड्याळवाल्यांना पाठवू का? तर म्हणाली, नको, आजोबांना कशाला त्रास? त्यांचं ते वय सरलं."

भिंग लावलेला डोळा वर उठला. मिशी थरथरली. आत्या गुणगुणत दुकानात परतली.

दोन दिवसांत गल्लीचा रंग पालटला. सुईबाईच्या दारात रांग लागायला लागली. न गेलेला माणूस उठून दिसायला लागला, म्हणून तोही जायला लागला. एका संध्याकाळी सुईबाई स्वतः आत्याच्या दुकानात आली.

"आत्या, हे काय चालवलंय तुम्ही?" ती म्हणाली. "एक जण शौर्य दाखवायला येतो. एखादी जावेचा नंबर कापायला येते. मी प्रत्येकाला आधी सांगते, बाबा रे, ही तपासणी एचआयव्हीची आहे, हवी असेल तरच करा, नको असेल तर खुशाल उठा. एकही उठत नाही!"

"उठतील कसे? उठला तर लोक म्हणतील, याच्याच मनात काहीतरी आहे."

सुईबाई हसली. "खोली वाचली माझी. हलवायची नाही असं कळवलंय वरून. तुमच्यामुळे." आणि बोलता बोलता तिची नजर खिडकीतून समोर गेली. आतला दिवा चालू राहिला होता. हिरव्या पडद्यावर खुर्ची दिसत होती, टेबल दिसत होतं, टेबलावर ठेवलेला कप आणि कपाचा कानसुद्धा दिसत होता.

तिनं गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावून पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "अस्तर राहिलंय वाटतं लावायचं."

"उद्या लावते," आत्या म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी भाचा कोटाची ट्रायल द्यायला आला. आत्यानं त्याच्या खांद्याला टेप लावली, छातीला लावली, परत खांद्याला लावली. तोच म्हणाला, "आत्या, सगळ्या गल्लीला टोचायला पाठवलंस म्हणे? ही हसून हसून बेजार झालीय."

"ही कोण?"

"ही म्हणजे ही. तुझी होणारी सून. तिनंच तर मला पाठवलं होतं."

आत्यानं टेप मुठीत गुंडाळली.

"आमचं ठरलं होतं," भाचा म्हणाला. "लग्नाआधी दोघांनीही तपासून घ्यायचं. ती आधी जाऊन आली, मग मी गेलो. दोघांचंही ठीक आहे."

"मग एवढा वेळ आत काय करत होतास मेल्या? कोटावर कोट झाला ना माझा!"

"विचारत होतो. डास चावून होतो का, एका ताटात जेवून होतो का. नाही म्हणाली. मग ज्याला झालाय त्यानं लग्न करावं का, त्याला मुलं होतात का. गोळ्या रोज नेमानं घेतल्या की तो विषाणू रक्तात दबून जातो, माणूस सगळ्यांसारखा जगतो, आणि मग त्याच्यापासून जोडीदारालाही होत नाही. हे तुला माहीत होतं?"

आत्यानं आधी त्याला टेपनं दोन फटके मारले, मग त्याच्या छातीवर डोकं ठेवून भोकाड पसरलं. खांद्यावर खडूनं केलेल्या खुणा सगळ्या पुसून गेल्या. लहानपणी हा असाच होता. लिफ्ट वर कशी जाते हे विचारून विचारून त्यानं तिचा जीव काढला होता, तेव्हा तिनंच त्याला म्हटलं होतं, जा बाबा, त्या कामालाच लाग.

भाचा तिच्या पाठीवर थोपटत राहिला. मग म्हणाला, "समजा माझं ठीक नसतं आलं, तर काय केलं असतंस?"

"तोंड शिवून घेतलं असतं. कुणाला कळू दिलं नसतं."

"आणि बेकरीवाल्याचं ठीक नसतं आलं तर?"

आत्या सुईत दोरा ओवायला लागली. बराच वेळ तिला ते भोक सापडलं नाही.

आता इथंच ही गोष्ट संपली असती तर सगळे घरी गेले असते. पण घड्याळवाल्याच्या मनात ते "आजोबा" सलत होतं. त्यानं रविवारी मिशी रंगवली आणि सोमवारी सूट घालून, छाती काढून, भर दुपारी रस्ता ओलांडून तो समोरच्या दारात शिरला.

गल्लीला ही मेजवानीच होती. न्हावी आला, बेकरीवाला आला, दोन्ही जावा आल्या. सगळे आत्याच्या खिडकीशी जमले, कारण तिथून दिसायचं सगळ्यांत छान, आणि अस्तराचं ते "उद्या" अजून उजाडलं नव्हतं.

पडद्यावर तो ताठ बसला. हात पुढे केला. आत्याची बाही लावून झाली. तो उठला नाही.

"वय विचारत असेल," न्हावी म्हणाला आणि सगळे हसले.

सुईबाई उठली, परत टोचलं, परत थांबली. मग तिसऱ्यांदा. एकदा काही निघालं की ती तेवढ्यावर थांबत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीनं खात्री करून घेते, हे भाच्यानं आत्याला सांगितलं होतं. इतरांना कुणी सांगितलं नव्हतं.

"कोट," धाकटी जाऊ हळूच म्हणाली.

"अगं, वेळेचं काही खरं नसतं," आत्या पटकन म्हणाली. "माणूस प्रश्न विचारत बसतो कधी कधी."

"वा! नियम तुझाच ना आत्या?" मोठी जाऊ म्हणाली.

आणि तेव्हा आत्यानं ते पाहिलं. सुईबाई कायम टेबलाच्या पलीकडे बसायची. आज तिनं आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आणली आणि घड्याळवाल्याच्या शेजारी ठेवली. त्याचा ताठ खांदा खाली आला, मग मान खाली आली. पडद्यावर मिशीचा रंग दिसत नव्हता. एक म्हातारा माणूस तेवढा दिसत होता. मीच त्याला डिवचून तिथं धाडलं, आत्याच्या मनात आलं, आणि आता मीच खिडकीत गर्दी जमवून त्याचा तमाशा दाखवतेय. तिला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ती उठली, टेबलावरचं जाडजूड कापड ओढलं आणि खिडकीवर टाकलं.

"अगं, काय करतेस?"

"धाकटीच्या ब्लाउजची मापं घ्यायची आहेत. पुरुष मंडळी, चला बाहेर!"

"मी कुठे ब्लाउज टाकलाय?" धाकटी म्हणाली.

"टाकशील. मोठीनं टाकलाय."

मापं कशीबशी उरकून ती दारात आली तर मंडळी पांगली नव्हतीच. पायरीवर उभी राहून समोर टक लावून होती. दार उघडलं. घड्याळवाला बाहेर आला आणि ऊन डोळ्यांवर आल्यासारखा तिथंच उभा राहिला. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत हे त्याच्या लक्षात आलं. त्याचा हात टायच्या गाठीकडे गेला आणि तिथंच राहिला. न्हाव्यानं आत्याकडे पाहिलं. बेकरीवाल्यानं पाहिलं. ती भुवया वर करते का, एवढीच सगळे वाट बघत होते.

आत्यानं छाती भरून श्वास घेतला, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात भोंगा वाजला.

"काय हो घड्याळवाले! झालं का नीट त्यांचं भिंतीवरचं घड्याळ? मीच म्हटलं होतं सुईबाईला, समोर एवढा कारागीर बसलाय, त्याला दाखवा म्हणून! किती वेळ लावलात हो?"

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोलली होती. त्यानं टायची गाठ नीट केली. त्याच्या मागे दारात सुईबाई येऊन उभी राहिली होती.

"यंत्र जुनं आहे," घड्याळवाला शेवटी म्हणाला. "एकदम नाही व्हायचं. दर महिन्याला येऊन बघावं लागेल."

"पण नेमानं बघितलं तर चालेल," सुईबाई मागून म्हणाली. "छान चालेल."

"हात्तिच्या, घड्याळ होय!" मोठी जाऊ म्हणाली, आणि सगळ्यांचे चेहरे पडले.

"मी गेलो होतो तेव्हा तर चालू होतं," न्हावी म्हणाला.

"तुझा वस्तराही चालूच असतो," आत्या म्हणाली. "दाढी होते का त्यानं?"

सगळे हसले आणि आपापल्या कामाला लागले. संध्याकाळी मौनीबाबा समोर जाऊन आला आणि त्यानं बातमी आणली की भिंतीवरचं घड्याळ खरोखरच बंद आहे. सेल सुईबाईच्या टेबलाच्या खणात होता, तो त्यानं उघड्या खणात पाहिला, पण हे त्यानं फक्त बायकोला सांगितलं.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या घड्याळवाला आला. हातात पँट होती. आत्यानं खुर्ची दिली, पण तो बसला नाही.

"दोन बोटं लांब झालीय," तो म्हणाला. मग म्हणाला, "आत्या, त्यांचं घड्याळ ठणठणीत होतं."

आजपर्यंत तो तिला कधी आत्या म्हणाला नव्हता.

"मला काय कळतं त्यातलं?" आत्या म्हणाली.

"तुम्ही ते वय सरल्याचं बोललात ना, त्या रागानं गेलो मी. नाहीतर मेलो असतो तरी त्या दारात पाऊल टाकलं नसतं." त्यानं पँटची घडी उगाचच नीट केली. "बाई म्हणाल्या, वेळेत आलात. गोळ्या सुरू करायच्या आहेत." आणि मग खिडकीकडे न बघता त्यानं विचारलं, "गल्लीत काय म्हणतात?"

आत्यानं दातानं दोरा तोडला. "गल्लीत म्हणतात, घड्याळ जुनं आहे."

त्यानं मान डोलावली. जाताना दारातून परत वळला. "ते मिशीचं तुम्ही सांगितलं होतंत ना सगळ्यांना?"

"हो."

"रंग बरा दिसतो का पण?"

"कल्ल्यांनाही लावा थोडा," आत्या म्हणाली. "नुसती मिशी काळी असली की चोरी पकडली जाते."

तो गेल्यावर आत्यानं कपाट उघडलं. भाच्याच्या कोटासाठी आणलेलं काळंभोर तुळतुळीत अस्तर बाहेर काढलं. मौनीबाबानं पाहिलं आणि न सांगता कात्री पुढे केली. दोघांनी मिळून समोरचा पडदा उतरवून आणला, आतून ते अस्तर लावलं, कडांना दुहेरी टीप मारली आणि दुपारच्या आत परत टांगून दिला. सुईबाई स्टुलावर चढून आकडे अडकवत होती, तिनं खाली बघून विचारलं, "आणि नवरदेवाचा कोट?"

"तो आतून तसाच राहील," आत्या म्हणाली. "लग्नात कोण कोटाच्या आत डोकावतंय?"

ती मशीनवर येऊन बसली. आतला दिवा लागला असावा, कळत नव्हतं. डाव्या डोळ्याला नुसता पडदा दिसत होता. सवयीनं तिनं बाही लावायला घेतली, तेवढ्यात समोरच्या दारातून कुणीतरी आत गेल्याचा भास झाला. तिनं मान उंच केली, वाकडी केली, चष्मा पुसून पाहिला. काहीसुद्धा दिसलं नाही. घशाशी काहीतरी आलं, ते तिनं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

न्हावी पायरीवर येऊन टेकला. "आत्या, कोण गेलं गं आत आत्ता?"

"मला काय माहीत?" आत्या म्हणाली.

न्हावी मोठ्यानं हसला. त्याला ते खोटं वाटलं.